वफ्राचा रस्ता

लवू जाळीपलीकडे येऊन बसला तेव्हा सिस्टर आधीच येऊन थांबल्या होत्या.

"आज लवकर?" त्याने विचारलं.

"पाळकसाहेब गोव्याच्या मुलांपाशी बसलेत. आपल्याला वेळ मिळेल."

दर शुक्रवारी चर्चच्या मंडळीतली चारपाच माणसं कुवेतच्या त्या तुरुंगात येत. उजागरे पाळक त्यांचे पुढारी. आठवडाभर ते एका इस्पितळात स्टोअरकीपर असत. ख्रिस्ती कैद्यांना भेटायची परवानगी त्यांनी बरीच खटपट करून मिळवली होती. एखादा हिंदू कैदी येऊन बसला तर शिपाई हटकत नसत. लवू परब मालवणकडचा. मराठी कानावर पडेल म्हणून तो पहिल्यांदा आला आणि मग येतच राहिला.

सिस्टर म्हणजे नर्स. सालमियात समुद्राच्या बाजूला एका इमारतीत त्या एकट्या राहत. वॉर्डात दिवसभर इंग्रजी, अरबी, हिंदी. घरी आल्यावर काहीच नाही. कधी कधी रेडिओ लावत, तोही कळत नसलेल्या भाषेतला, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून.

त्यांनी बायबलमधला क्षमेचा उतारा वाचला. वाचताना त्यांचा आवाज नेहमी पडायचा. लवू खाली मान घालून ऐकत राहिला. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

"सांग," त्या म्हणाल्या.

"परत?"

"बोललं की मन हलकं होतं."

लवूने सांगायला सुरुवात केली. वफ्रा भागातल्या मळ्यातून टोमॅटो भरून तो पिकअप घेऊन निघाला होता. अर्ध्या वाटेत धुळीचं वादळ उठलं. बॉनेटच्या पुढचं दिसेना. थांबायला हवं होतं, थांबला नाही. रस्त्याच्या कडेला एक माणूस गाडीचं चाक बदलत होता. तो दिसला तेव्हा उशीर झाला होता.

त्या माणसाचं नाव शरद साळवे. एक्स-रे टेक्निशियन. अँब्युलन्स वादळात अडकली. ती येईपर्यंत त्याचं डोकं लवूच्या मांडीवर होतं.

"मी नुसता रडत होतो. 'देवा, माझ्या हातसून काय झाला ह्या!' असं काहीतरी. तर त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, 'मालवणी का रे तू?' आणि हसले. एवढं लागलेलं, तरी हसले."

"कसे हसले?"

"नाकातून. आवाज न करता."

सिस्टरांनी मान हलवली. "मग?"

"मग पाणी मागितलं. मी ओंजळीने ओठ ओले केले. म्हणाले, 'लई वारा सुटलाय रे.' थोडा वेळ गप्प. मला वाटलं, गेले. तर म्हणाले, 'रेखाला सांग, जेवायला थांबू नको म्हणावं.'"

सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. त्या प्रार्थना करताहेत असं समजून लवू थांबला.

"पुढे?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

"पुढे काय असायचं?" लवूने जाळीत बोटं अडकवली. "त्यांच्या बायकोला तुम्ही ओळखता ना? नर्सच आहे म्हणतात."

"ओळखते."

"कशी आहे?"

"एकटी असते."

लवू हळूच म्हणाला, "कोर्टात ती कधी आलीच नाही. आली असती तर तिथेच पाय धरले असते. वकील म्हणतो, तिने न्यायाधीशासमोर येऊन एकदा 'माफ केलं' म्हटलं की मला सोडतील, गावी पाठवतील. दोनदा निरोप धाडला. ती येत नाही. तिचा राग बरोबरच आहे. पण आईनं अंथरूण धरलंय, सिस्टर. भाऊ कळवतो, दारात पाऊल वाजलं की लवू आला काय, म्हणून विचारते. तुम्ही एकदा सांगून बघा ना तिला."

"सांगते."

"नक्की?"

"दर शुक्रवारी इथून गेल्यावर सांगते तिला. ऐकत नाही."

शिपायाने वेळ संपल्याची खूण केली. लवू उठला. "माझ्यापाशी होतं ते सगळं सांगून झालं. आता नवं काही उरलं नाही. तेच तेच ऐकून कंटाळत असाल."

"नाही रे," सिस्टर म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी जुनंच सांग."

परतताना उजागरे पाळक गाडी चालवत होते. बाकीची माणसं वाटेत उतरली होती. रस्ता सरळ, दोन्हीकडे वाळू, उन्हात कुठे चिटपाखरू नाही. मग सालमियाच्या इमारती दिसू लागल्या.

इमारतीपाशी पाळकांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

"लवूच्या आईचं मलाही कळलं. तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"एक विचारू? तुम्ही पहिल्यांदा माझ्याबरोबर आलात तेव्हा म्हणालात, एकदा त्याला डोळ्यांनी बघते, मग ठरवते. मी हो म्हटलं. त्याला तुमचं नाव सांगू नका म्हणालात, तेही पाळलं. दोन वर्षं होत आली, रेखाबाई. शरदच्या मरणाचा राग अजून जात नाही का?"

"राग?" त्या म्हणाल्या. "त्याला तर मी केव्हाच माफ केलंय, पाळकसाहेब."

"मग कोर्टात येऊन एवढं सांगत का नाही?"

वरच्या मजल्यावरच्या आपल्या बंद खिडकीकडे त्या बघत राहिल्या.

"तो गावी गेला, तर शरदबद्दल माझ्याशी बोलायला कोण उरेल?"