गार वारा

"मामा, बंद करा आधी हे! नाशिकच्या थंडीत हे मशीन गार वारा फेकतंय, आणि तुम्ही म्हणता पाणी तापवायला बसवलंय?"

तरणतलावावर नवी मॅनेजर म्हणून आलेल्या मृण्मयीने बटणाकडे हात नेला. मशीनमागे उकिडवे बसून जाळीला चिकटलेली कडुनिंबाची पानं मऊ ब्रशने काढणारे घुगेमामा धडपडत उठले.

"थांबा मॅडम! हा हीट पंप हवेतली ऊब ओढून घेतो आणि पाण्याला देतो. मग उरलेली हवा गारच असणार की! वारा गार लागेनासा झाला, तर समजा बिघडलं. आता बंद केलंत, तर पाणी पुन्हा तापायला दोन दिवस जातील."

मृण्मयीने हात मागे घेतला. मामा रोज संध्याकाळी तलावाला कव्हराचं पांघरूण घालायचे, तेही तिला खूळच वाटलं होतं.

तेवढ्यात गुडघ्यांसाठी पाण्यात व्यायाम करणाऱ्या दामलेआजी आल्या. गेल्या हिवाळ्यात, मशीन नव्हतं तेव्हा, त्या पहिल्याच पायरीवर किंचाळून माघारी फिरायच्या. आज सुनेच्या तक्रारी सांगत सांगत उतरल्या. पाणी छातीपर्यंत आलं, तरी तक्रारी चालूच.

मामा कान देऊन उभे होते.

"ओरडल्या नाहीत," ते हळूच म्हणाले, मुलगी बोर्डात आल्याचं सांगावं तसं. आणि पुन्हा त्या गारठ्यात पानं काढायला बसले.

मृण्मयीने साडीचा पदर खोचला.

"मामा, दुसरा ब्रश आहे का?"