बहुधा

पेशींच्या स्लाइड तपासणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडी सदा एकच शब्द: बहुधा. चहात साखर घातलीय का विचारलं, तरी "बहुधा." बायको चिडवायची, "लग्नालासुद्धा 'बहुधा' म्हणूनच होकार दिला होतात!"

मग तिच्याच मानेत गाठ आली. सुईने काढलेल्या पेशी नुसत्या बघून काही ठरेना, तेव्हा त्यांनी त्याच पेशींवर खास रंगांच्या आणखी तपासण्या करायला लावल्या, वर दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवल्या.

आज घरात शिरून दार लोटायच्याही आधी ते म्हणाले, "कॅन्सर नाही."

"बहुधा?" तिने भीतभीत विचारलं.

"छे! नाही म्हणजे नाहीच!"

तिने पदराने डोळे पुसले.

"मग हातासरशी लग्नाचाही रिपोर्ट पक्का करून टाका."