शटर वाढवा

"मोटारवर चालणारं नवं शटर बसवलं तर अडतीस हजार. जुन्याचीच स्प्रिंग बदलून ग्रीसिंग केलं तर तीन," मिस्त्री म्हणाला.

तिनं मोटारच ठरवली होती. गॅरेजचं शटर रोज नाना, तिचे सासरे, ओढत आणि मग खांदा धरून बसत.

घरातून नानांचा आवाज आला, "दिवेलागण झाली, शटर वाढवा आता."

मिस्त्रीनं टेप काढली. "उंची वाढवायची तर सहा हजार जास्त पडतील."

"नाही हो," ती हसली. "चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलं त्यांनी. 'बंद करा' तोंडातून निघत नाही."

नाना आलेच. लटकून त्यांनी शटर खाली आणलं, कुलूप घातलं आणि नमस्कार केला, दुकानाला करत तसा.

"मोटार राहू दे," ती मिस्त्रीला म्हणाली. "स्प्रिंगच बदला. नानांना वाढवायला हलकं जायला हवं."