चूक कबूल करणारी वेबसाइट

"तुमचा एकदा विश्वास बसला, टीचर, की मी हे पाणी बाळाला पाजेन," रजिता म्हणाली.

वाचनालयाच्या ओसरीवर गावातली माणसं काळा चहा घेत बसली होती. नदीच्या वरच्या अंगाला रबराचा कारखाना सुरू झाल्यापासून विहिरींच्या पाण्याला वास येत होता. सोप्या मल्याळममध्ये विज्ञान समजावून सांगणाऱ्या एका वेबसाइटवर लिहिलं होतं, की असा वास कुजलेल्या पानांचा असतो; पाणी उकळून प्यायलं की झालं. तिच्यावर विसंबायचं, की पाणी कोचीच्या प्रयोगशाळेत पाठवायचं, हे आज ठरणार होतं.

तंकमणी टीचरनी जीवशास्त्र शिकवण्यात हयात घालवली होती. वेबसाइट त्यांनी उभी-आडवी तपासली होती.

"जाहिरात एकही नाही. काही विकतही नाहीत. दिलेले संदर्भ उघडून पाहिले, खरे आहेत. लेखिकेला ईमेल केली, तर तिचं व्यवस्थित उत्तर आलं."

"उत्तर काय, मीसुद्धा देईन," इट्टूप चेट्टन कोपऱ्यातून कुरकुरले.

निवृत्त पोस्टमास्तर; गाव त्यांना चेट्टन, म्हणजे दादा, म्हणे. त्यांना कुणाचंच काही पटत नसे. बिशपच्या प्रवचनातही ते चुका काढत.

"चेट्टा, तुम्ही तर बोलूच नका!" टीचर हसल्या. "त्यांच्या लेखात पटकीच्या साथीचं साल चुकलंय, हे कुणी कळवलं?"

"मी."

"मग काय झालं?"

"दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं."

"नुसतं दुरुस्त? वर तुमचं नाव घालून आभार मानले. खोटारडा माणूस चारचौघांत अशी चूक कबूल करेल?"

चेट्टन चहा ढवळत राहिले. "तरी मी म्हणतो, जरा जपून."

"स्वतःच्या लग्नातही हेच म्हणाला होतात!" कुणीतरी ओरडलं. सगळी ओसरी हसली.

रजिता हसली नाही. मांडीवरचं पोर सावरत तिने पुन्हा विचारलं, "पाजू ना, टीचर?"

टीचरनी चेट्टनकडे पाहिलं. ज्या माणसाला काहीच पटत नाही, त्याचंही म्हणणं त्या वेबसाइटने ऐकून घेतलं होतं. आणखी काय पाहायचं?

"उकळून पाज. आजपासून मीही तेच पिते."

हात वर झाले. कोचीला पाणी पाठवायचं रद्द झालं. रजिताच्या चेहऱ्यावरचा ताण किती दिवसांनी उतरला.

इट्टूप चेट्टन रमतगमत घरी आले. कारखान्याच्या साहेबांना फोन करून "झालं" एवढंच म्हणाले. शहरातून आणलेल्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून घेतलं, संगणक उघडला आणि लेखिकेच्या नावाने पुढचा लेख लिहायला बसले. लेख नदीतल्या माशांवर होता. एका माशाचं शास्त्रीय नाव त्यांनी मुद्दाम चुकीचं लिहिलं. या खेपेला चूक टीचरना सापडायला हवी होती.