दाराची करकर

मास्तर खोकला, तशा जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावरच्या सगळ्यांच्या माना वळल्या. खोकला म्हाताऱ्या माणसाचा होता, छातीच्या तळातून खेचून काढलेला. पिंजऱ्यात मात्र पोपट होता. मांजर घेऊन आलेल्या बाईंनी आपली टोपली जरा लांब सरकवली.

"ह्यांचं दुखणं लागलंय त्याला," पिंजऱ्यापाशी मुलाशेजारी बसलेली आई त्यांना म्हणाली.

तिचा नवरा खोकत खोकतच गेला होता. शेवटपर्यंत पिंजरा त्याच्या खोलीत होता, तेवढीच सोबत म्हणून. शिकवलेलं एक अक्षर पोपट कधी बोलायचा नाही आणि न शिकवलेलं सगळं बोलायचा, म्हणून त्याचं नाव मास्तर. भिंतीवरच्या फळ्यावर कंपाउंडरने खडूने या महिन्याच्या सूचना लिहिल्या होत्या. जंताचं औषध चुकवू नका. पक्ष्याचा खोकला अंगावर काढू नका. मागच्या आठवड्यात रस्त्यावरून जाताना उघड्या दारातून आईने ही ओळ वाचली आणि मुलाच्या मागे जी भुणभुण लावली ती आज इथे येईपर्यंत थांबली नाही. नवरा गेला तो गेला, निदान हा तरी राहू दे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मुलाने आधी पोपट कुणाला तरी देऊन टाकायचं काढलं होतं. मग मी एकटाच नेऊन आणतो म्हणाला. आईने दोन्हीला दाद दिली नाही. बाबा गेले त्या दिवसापासून पिंजरा मुलाच्या खोलीत असायचा, आईची झोपमोड नको म्हणून. भिंतीपलीकडून तिच्या कानावर फक्त खोकला यायचा.

इतक्यात दार करकरलं. लांबलचक, मध्ये अडून पुन्हा करकरलेलं. कंपाउंडर मान वर न करताच "या, बसा" म्हणाला. दार बंदच होतं; करकरला होता मास्तर. मग सगळे हसले, आणि आई सगळ्यांत जास्त.

"आमच्या ह्यांच्या खोलीचं दार," ती मांजरवाल्या बाईंना सांगू लागली. "ह्यांनी कधी तेल घालू दिलं नाही. म्हणायचे, राहू दे गं, कोणी आलं की कळतं."

मग आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन, झोपेच्या गोळ्या, आतल्या खोलीत पडून राहावं लागलं ते, असं सगळं तिने सांगितलं. रात्रीचं सगळं पोरानेच केलं, बापाच्या उशाशी बसून पापणीला पापणी लावली नाही त्याने, हेही सांगितलं. हे ती भेटेल त्याला सांगायची. त्या आधारावरच ती हल्ली शांत झोपत होती. मुलगा फळ्यावरच्या सूचना पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.

आत डॉक्टरीणबाईंनी पोपटाच्या नाकपुड्या पाहिल्या, पिंजऱ्याचा तळ पाहिला. श्वास ऐकायचा तर पक्षी आधी शांत हवा, म्हणून त्यांनी खिडकीचा पडदा ओढला आणि पिंजऱ्यावर टाकायला फडकं घेतलं.

"डॉक्टर, अंधार नको," मुलगा म्हणाला. "घाबरतो तो."

उलट अंधारात पक्षी शांत होतात, त्यांना रात्र झाली असं वाटतं, असं त्यांनी समजावलं. त्याने पिंजऱ्यावरचा हात काढला नाही, तेव्हा त्यांनीच तो बाजूला केला आणि दिवा घालवला.

फडक्याखाली मास्तरला रात्र झाली. तो खोकला. थांबून पुन्हा खोकला. मग टक टक टक, काठी लोखंडी कॉटवर आपटावी तसं.

"ह्यांची काठी," आई हळूच म्हणाली.

मग मुलाचा आवाज आला, झोपाळलेला. "आलो बाबा. दोनच मिनिटं."

मुलगा टेबलाची कड धरून उभा होता. त्याने तोंड उघडलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई श्वास ऐकून हसल्या. काकू, छाती अगदी स्वच्छ आहे याची, त्या म्हणाल्या; आजार नाही, नुसती नक्कल आहे, काही काळजी करू नका. "एकदा ऐकलेलं हे सहसा उचलत नाहीत. रोज कानावर पडतं तेच उचलतात. आणि ज्याच्यामागून जे कानावर पडतं, त्याच क्रमाने."

"रोज," आई म्हणाली. तिला भरून आलं. तिने अंधारात मुलाचं मनगट चाचपून धरलं.

फडक्याखाली पुन्हा खोकला. टक टक टक. आलो बाबा, दोनच मिनिटं.

"आई, चल आता. झालं ना तपासून."

"थांब रे." तिने पिंजऱ्याला कान लावला. "आता दार करकरेल."

बराच वेळ दार करकरलं नाही. मग पुन्हा खोकला आला, या वेळी जरा मोठ्याने.