फ्यूजमधली चांदी

साहेब, गाडी तुम्हीच जाळलीत आणि तुमच्याच सहीने सील माझ्या दुकानाला ठोकलंत.

डिकीत भलामोठा ॲम्प्लिफायर हवा म्हणालात, तेव्हाच मी सांगितलं होतं, आधी मोठी बॅटरी आणि अंगठ्याएवढी जाड वायर घ्या. तुम्ही हसलात. “मिस्त्री, गाणी वाजवायचीत, गिरणी नाही चालवायची.” तरी मी बॅटरीजवळ फ्यूज बसवलाच.

तो मिरवणुकीत दोनदा उडाला. वायर पेटू नये म्हणूनच तो उडतो. तिसऱ्यांदा तो उडाला नाही, गाडीच पेटली.

आज पंचनाम्यात तुम्ही ‘मिस्त्रीचं काम कच्चं’ लिहायला लावलंत, म्हणून मी सगळ्यांसमोर बॉनेट उघडलं. दुसऱ्यांदा उडालेल्या त्याच फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती, म्हणजे वीज फ्यूज चुकवून चांदीतून थेट वायरीत.

मी विडीसुद्धा ओढत नाही. तुमच्या खिशातलं पाकीट इथे बॉनेटवर ठेवा आणि ही चांदी कुणाची ते सांगा.