जुन्या अँप्लिफायरची घूं

गिटारच्या क्लासातला अँप्लिफायर चालू केला की घूंऽऽ करत बसायचा. सर पार वैतागले होते. वायर बदलली, प्लग बदलला, दोनदा दुरुस्तीला नेला. गेला तसाच घुमत परत आला.

"सर, म्हाताऱ्याला किती दिवस सलाईन लावणार? नवा घ्या," दुरुस्तीवाला म्हणाला.

शनिवारी मुलांचा पहिला कार्यक्रम होता. पालकांसमोर शोभा नको, म्हणून सरांनी जुना त्याच्याच दुकानात टाकला आणि जड मनाने नवा आणला. चालू केला, तर खोलीत चिडीचूप. सरांना हायसं वाटलं.

"चला, तारा जुळवा."

मुलं गिटार मांडीवर घेऊन बसली, पण खुंटीला कुणी हात लावेना.

"अरे, बघताय काय? रोज तर चुटकीसरशी जुळवता. माझी मुलं नुसत्या कानाने तारा जुळवतात, असं मी गावभर सांगत फिरतो."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी सगळ्यांत धाकटी हळूच म्हणाली, "कानानेच जुळवतो, सर. पण त्या जुन्याची घूं ऐकून. एक तार तिच्यासारखी वाजली, की बाकीच्या त्या तारेवरून."

सरांनी तडक दुकानात फोन लावला.

"जुना मोडीत काढला नाहीस ना? संध्याकाळपर्यंत आणून दे. आणि तुझ्या पाया पडतो बाबा, तो दुरुस्त करू नकोस."